सरदार वोल्फर्ट, हजर

१

हिल्लेच्या घरी तो जून महिना खळीचा झाला होता. विद्यापीठाचा पाच वर्षांनी येणारा उत्सव जवळ आलेला, आणि उत्सव म्हटला की मुलांची मिरवणूक आलीच. अडीचशे वर्षांपूर्वी कुणी एक राजपुत्र वाजतगाजत शहरात शिरला होता, तोच प्रसंग पोरं पुन्हा उभा करणार. घोडे, भाले, मखमली डगले, आणि प्रत्येकाच्या गळ्याभोवती जात्याच्या तळीसारखी गोल, चुण्याचुण्यांची पांढरी कॉलर. डगले शिंप्याने शिवले, घोडे घोडेवाल्याने दिले, आणि कॉलरी धुऊन, खळ देऊन, तापल्या सळयांवर चुण्या पाडायचं झेंगट हिल्लेकडे आलं. नवरा गेल्यापासून कालव्याकाठच्या त्या अरुंद घरात विद्यार्थी ठेवून ती राहत होती. नाही म्हणायची सोय नव्हती. पोरं लाडीगोडी लावण्यात पटाईत होती, आणि ती बोलायला कितीही फटकळ असली तरी विरघळायला तिला वेळ लागत नसे.

पहिल्या मजल्यावरची, पाण्याकडे खिडकी असलेली खोली सीब्रेनची. होती, असं म्हणायला हवं. फेब्रुवारीत त्याच्या छातीत ताप उतरला, आठवडाभर पोर तगमगलं आणि गेलं. हिल्लेनेच त्याचं सगळं केलं. कडाक्याचा गारठा, कालवे गोठलेले, एक होडी हलत नव्हती. उत्तरेकडून त्याची आई येऊन पोचली तेव्हा माती देऊन झाली होती. त्या बाईने ओल्या मातीकडे बघितलं, हिल्लेचा हात धरला, आणि परत गेली.

मिरवणुकीत सीब्रेन सरदार वोल्फर्ट होणार होता. त्याचा पोशाख नववर्षालाच सांगून ठेवलेला, आणि शिंप्याला कुणी कळवलंच नाही. मेमध्ये पोशाख आला, बिनमुंडीच्या लाकडी धडावर चढवलेला, तलवार, टोपी, कॉलर सगळ्यासकट. वरच्या मजल्यावर राहणारा लाम्बर्ट हा त्याचा जिवलग मित्र, मिरवणुकीत त्याच्या शेजारून घोडा हाकणारा. त्याने तो पोशाख बघितला आणि जिन्यात बसून रडला. मग म्हणाला, असू दे बाई, त्याच्याच खोलीत असू दे. सत्र संपेपर्यंत खोली कुणाला द्यायची नाही असं हिल्लेनेही ठरवलं होतं. धड खिडकीशी ठेवलं. ती रोज सकाळी झाडलोट करायला जाई तेव्हा त्याच्याकडे पाठ करून केर काढी.

एका सोमवारी तिने मित्रांच्या कॉलरींबरोबर सीब्रेनचीही काढली. मिरवणुकीत कुणी घालणार नसलं तरी मळकी कशाला राहू द्यायची? कॉलर उलटली तर आतल्या पट्टीवर तपकिरी रेघ होती. घामाची. दिवसभर उन्हातान्हात, धुळीत राबलेल्या माणसाच्या मानेची असते तशी.

लाम्बर्टचेच उद्योग, दुसरं काय, असं ती पुटपुटली. मेल्याची कॉलर गळ्यात घालून आरशापुढे उभा राहिला असणार. तिने ती धुतली, खळ दिली, चुण्या पाडल्या आणि परत धडावर चढवली.

२

संध्याकाळी जेवताना तिने लाम्बर्टला टोमणा मारला. तो गंभीरपणे म्हणाला की त्या खोलीत पाय टाकायची त्याची हिंमतच होत नाही. पोरगा खोटं बोलला की त्याचे कान लाल होत. ते लाल झाले नव्हते.

मग तो तालमीचं सांगत बसला. उत्सवाच्या आधीचा महिनाभर मिरवणुकीतल्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची नाही, असा त्यांचा रिवाज. न्हावी असो, पाववाला असो, सगळ्यांनी भूमिकेचंच नाव घ्यायचं. चुकेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. आणि ही नावंही वाटेल ती नव्हेत. मिरवणुकीच्या मंडळातल्या अभ्यासू पोरांनी जुनी दप्तरं उपसून त्या दिवशी खरोखर घोड्यावर असलेली माणसंच शोधली होती. वोल्फर्टबद्दल त्यांना फारसं सापडलं नव्हतं. तो स्वारीत होता, बस. पुढे घरी गेला की नाही, तेही कुठे नव्हतं.

रोज संध्याकाळी घोड्यांच्या मैदानात सगळे रांगेत उभे राहत आणि नावांचा पुकारा होई. कुणी आला नसला तर त्याचे सोबती त्याच्या वतीने ओ देत. सीब्रेनची जागा कुणाला द्यायची नाही, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. त्याचा घोडा लाम्बर्टच्या शेजारी रिकाम्या खोगिराने चालणार होता, आणि त्याचं नावही पुकाऱ्यात राहणार होतं.

"सरदार वोल्फर्ट म्हटलं, की आम्ही सगळे एकदम ओरडतो, हजर," लाम्बर्ट म्हणाला. "अंगावर काटा येतो, बाई. वाटतं, तो आहेच."

हिल्लेला गलबलून आलं. किती माया लावली होती पोरांनी! पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते तिला कसंसंच वाटायला लागलं. का, ते सांगता आलं नसतं.

सकाळी ती गेली. धड जागच्या जागी होतं. कॉलरीच्या पट्टीवर पुन्हा रेघ, कालच्याहून गडद. आणि एका चुणीत अडकलेला एक केस: राठ, तांबडा, दाढीचा. लाम्बर्ट काळ्या केसांचा. आणि सीब्रेनला तर धड मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यावरून तीच त्याला चिडवायची.

खिडकी उघडी होती, बाहेर सतरा होड्या येतात जातात, वाऱ्याने आला असेल केस, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग तिने खिडकी लावली. कॉलर धुवायला नेताना मात्र ती तिने अंगापासून लांब धरली होती.

३

गुरुवारी सीब्रेनची आई आली. मुलांनीच तिला बोलावलं होतं: खिडकीत बसा, तुमच्या मुलाचा घोडा बघा. बाउक्ये तिचं नाव. मालवाहू होडीवर जन्मलेली, नवऱ्याच्या माघारी तीच होडी स्वतः हाकणारी. खांदे रुंद, बोलणं थोडं. तिने होडी दारासमोर बांधली, हिल्लेसाठी धुरावलेल्या माशांची जुडी आणली होती ती हातात ठेवली, आणि विचारलं, "त्याच्याच खोलीत झोपले तर चालेल ना, बाई?"

 हिल्लेने घाईने स्वतःची खोली देऊ केली, ढेकणांचं निमित्त सांगितलं. होडीवर काय ढेकूण नसतात, असं म्हणून बाउक्येने गाठोडं उचललं.

वर जाऊन ती त्या पोशाखापुढे उभी राहिली. मखमलीला हात लावला नाही. पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली की तिला एकच दुःख आहे. पोर मेलं हे दुःख तर आहेच. त्याला कुणाचा इलाज नाही. पण चेहरा बघायला मिळाला नाही. एकदा, एकदाच दिसायला हवा होता. आता तर डोळे मिटले की लहानपणचा दिसतो, मोठा झाल्यावरचा आठवतच नाही.

"शेवटी कसा दिसत होता?" तिने विचारलं.

"झोपल्यासारखा," हिल्ले म्हणाली. तसं नव्हतं. पण आईला दुसरं काय सांगणार?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी हिल्ले कॉफी घेऊन वर गेली तर बाउक्ये कपडे करून खुर्चीत बसली होती. डोळे तांबारलेले, चेहरा मात्र शांत. दुसरी खुर्ची तिने पलंगापासून ओढून समोर ठेवली होती.

"रात्री कुणीतरी आलं होतं," ती म्हणाली. "जिना वाजला. दाराशी थांबलं. मी हाक मारली, ये म्हटलं. खूप वेळ हाका मारल्या."

"लाम्बर्ट असेल हो. तालमीनंतर उशिरा येतात ही पोरं, पाय जड झालेले असतात."

"लाम्बर्टचा जिना मी ऐकला. तो वर गेला. हा दाराशी थांबला."

हिल्लेने कप खाली ठेवला. दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं. नवरा गेला तेव्हा महिनाभर तिलाही त्याचा खोकला ऐकू यायचा. तिने हे बाउक्येला सांगितलं, आणि बोलता बोलता हात सवयीने कॉलरीकडे गेला. मागची गुंडी तुटली होती. दोराही राहिला नव्हता. कापडाचा तुकडा घेऊनच गुंडी निघाली होती. सीब्रेनची मान कोंबडीसारखी बारीक. हिल्लेने स्वतः दोरी लावून ती मापली होती आणि गुंडी दोन बोटं आत घेतली होती. त्या मापाची कॉलर कुणीतरी जाडजूड मानेभोवती ओढून लावली होती.

बाउक्ये तिच्याकडे बघत होती. हिल्लेने कॉलर ॲप्रनखाली घेतली आणि म्हणाली, खळ जरा कमी पडली, परत देते.

खाली स्वयंपाकघरात येऊन ती चुलीपुढे बसून राहिली. ही माउली पोराचं तोंड बघायला आलीय. हाक मारतेय. आणि दाराशी जो येतोय तो, तो सीब्रेन नाही. एकदा का हिने दार उघडलं! एवढा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत राहिला.

५

दुपारी लाम्बर्ट लवकर घरी आला आणि जेवायला नको म्हणाला. हा मुलगा जेवायला नको म्हणतो म्हणजे काहीतरी बिनसलंच. खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं. काल पुकाऱ्यात वोल्फर्टचं नाव आलं, सगळे हजर म्हणाले, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर आणखी एकजण म्हणाला. हळू. त्याच्या डाव्या अंगाला, रिकाम्या घोड्यापाशी.

"घोडेवाल्याने खोगीर काढलं तर घोड्याची पाठ घामाने भिजलेली. दिवसभर त्याच्यावर कुणी बसलं नव्हतं."

"मग पुकारा बंद करा."

तो म्हणाला, मंडळाला सांगून बघितलं. कुणी हसलं, कुणी भडकलं. मित्राचं नाव मिरवणुकीच्या तोंडावर गाळायचं? मेलेल्याला दुसऱ्यांदा मारायचं? काहीजणांचे तर डोळे भरून आले.

"आपण त्याला कसं विसरणार, बाई?"

हिल्लेच्या हातातली सळई तशीच राहिली. तिला काय खुपत होतं ते आत्ता कळलं.

"अरे, पण सीब्रेनचं नाव घेतलंय कुणी?" ती म्हणाली. "महिना झाला. रोज संध्याकाळी शंभर पोरं एका माणसाला हाक मारतायत. त्यात सीब्रेन कुठे आहे? त्याला तुम्ही एकदाही बोलावलं नाही."

लाम्बर्टचा चेहरा पांढराफटक पडला. तोंड उघडून तो काहीतरी म्हणणार होता, बहुधा सीब्रेनचं नावच. महिनाभर न घेतलेलं नाव ऐनवेळी जिभेवर येईना, आणि त्याचंच त्याला रडू कोसळलं. हिल्लेने त्याला जवळ घेतलं. वरच्या खोलीत बाउक्येच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. तिच्यामागून आणखी एक पाऊल वाजतंय असं हिल्लेला वाटलं. तिने किटली उगाच जोराने चुलीवर आदळली.

६

मिरवणुकीचा दिवस स्वच्छ उन्हाचा निघाला. पुलापुलांवर माणसं, खिडक्यांतून गालिचे सोडलेले. हिल्लेने सकाळी कॉलर शेवटची बसवली. नवी गुंडी तिने सीब्रेनच्याच मापाने लावली, हट्टाने. मग खिडकीत दोन खुर्च्या मांडल्या आणि बाउक्येच्या शेजारी बसली. लाकडी धड मागे भिंतीशी सरकवलेलं होतं.

तिचा बेत साधा होता. तो घोडा आला की काहीतरी पाडायचं, घेरी आल्याचं सोंग करायचं, काहीही करून या बाईची नजर वळवायची.

आधी नगारे आले. मग भालेकरी, मग राजपुत्र. कालपर्यंत तिच्याकडे ताक मागणारा पोर आज असा काही बसला होता की ओळखू येईना. लोक ओरडत होते. मग सरदारांच्या जोड्या आल्या, आणि लाम्बर्ट दिसला. तो नाकासमोर बघत होता. त्याच्या शेजारी पांढरट घोडा, लगाम एका मोतद्दाराच्या हातात, खोगिरावर तलवार आणि टोपी बांधलेली. त्या रिकाम्या खोगिराजवळ आल्यावर गर्दी आपोआप गप्प होई. माणसं टोप्या काढत.

घोडा खिडकीखाली आला. हिल्ले उठली, पण बाउक्ये तिच्याआधी उठली होती. चौकटीला धरून ती वाकली आणि होडीवरून किनाऱ्याला हाळी देतात तशा खणखणीत आवाजात तिने हाक मारली.

"वोल्फर्ट!"

हिल्लेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिने खाली बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

खोगिराच्या वर पांढरी कॉलर होती. तिने सकाळी पाडलेली चुणी न् चुणी तिला ओळखू आली. कॉलर मागे कलली, जसा कुणी मान वर करून खिडक्या शोधतो, कुठल्या खिडकीतून हाक आली ते. तांबडी दाढी, धुळीने माखलेली. दाढीच्या वर जे होतं ते तिने पुरतं बघितलं नाही. उन्हाची तिरीप आली, किंवा तिने डोळे मिटले. एवढंच कळलं की ते वर बघणं भुकेल्या माणसाचं होतं. मोतद्दार दोन पावलं अडखळला. मग घोडा पुढे गेला, खोगिरावर तलवार आणि टोपी, बाकी काही नाही.

ती वळली. भिंतीशी लाकडी धडावर डगला होता. गळा उघडा होता.

७

 नगारे लांब गेले.  शेवटी हिल्लेने मन घट्ट केलं, बाउक्येच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "तुम्हाला सांगायला हवं होतं. तो तुमचा नाही हो."

"ठाऊक आहे," बाउक्ये म्हणाली.

पहिल्या रात्रीच कळलं होतं, तिने सांगितलं. जिन्यात तो थांबला तेव्हा तिने सीब्रेन, सीब्रेन म्हणून पहाट होईपर्यंत हाका मारल्या होत्या. लाडाच्या नावाने मारल्या. घरी त्याला आज्याचं नाव लावत, त्यानेही मारल्या. पाऊल हललं नाही. मग दमून, सगळी पोरं म्हणतात म्हणून, तिने ते दुसरं नाव घेतलं. तेव्हा दाराला कुणीतरी कपाळ टेकवल्याचा आवाज झाला.

"माझा गेला, बाई. पार गेला. हाका मारून बघितल्या म्हणून सांगते, तो कुठेच नाही." तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं, आवाज मात्र हलला नाही. "माझ्याला कुणी बोलावलं नाही, आणि हा ज्याचा कुणाचा आहे त्याला महिनाभर बोलावलंत. उद्या पोरं डगले उतरवतील, परीक्षेला बसतील. मग याने जायचं कुठे?"

"म्हणून त्याला..." हिल्ले म्हणाली.

"अडीचशे वर्षांत त्याची आई थोडीच बसलीय वाट बघत?"

बाउक्येने डोळे पुसले, खाली वाकून सीब्रेनची पेटी पलंगाखालून ओढली. आत त्याचे सदरे होते, तिने स्वतः शिवलेले, हिल्लेने फेब्रुवारीत धुऊन घडी करून ठेवलेले. एकेक काढून तिने मांडीवर घेतला, गळ्याची पट्टी बोटांनी ताणून बघितली, आणि पेटीतच मिळालेली कात्री हिल्लेपुढे धरली.

"बारीक अंगाचा होता माझा. गळ्याला सैल करावे लागतील. तुम्ही उसवता का? मला टाके दिसत नाहीयेत."

हिल्लेने कात्री घेतली. बाहेर जूनचा उजेड अजून लख्ख होता, पाण्यावरून मुलांचं हसणं ऐकू येत होतं. तिने पहिला टाका कापला. तेवढ्यात खालचं दार वाजलं, आणि जिन्यावर पावलं चढू लागली, जड, बुटांना माती लागलेल्या माणसाची. खोलीबाहेर येऊन ती थांबली.

बाउक्येने दोरा ओवायला सुई उजेडात धरली होती. मान न वळवता ती म्हणाली, "ये रे, वोल्फर्ट. दार लोटलेलंच आहे."

बिजागरी कुरकुरली. हिल्लेने वर बघितलं नाही. ती दुसरा सदरा घेऊन टाके उसवत राहिली.